तिकिटावरचे एक अक्षर आणि आईचा गुडघा

डिसेंबर २०२२ मध्ये आईसाठी काढलेल्या दिल्लीच्या तिकिटावर, प्रवासाची तारीख आणि विमानाचा क्रमांक यांच्या शेजारी, एक एकटे इंग्रजी अक्षर छापलेले होते आणि त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. माझ्याकडे क्रेडिट कार्डावर मिळालेले अपग्रेडचे व्हाउचर होते. ते वापरून आईला वरच्या वर्गात बसवायचे, म्हणजे तिला दोन तास गुडघा दुमडून बसावे लागणार नाही, असे मी आठ महिन्यांपासून ठरवून ठेवले होते. प्रवासाला पाच दिवस राहिले असताना मी फोन लावला, तेव्हा पलीकडच्या मुलीने अतिशय सौजन्याने सांगितले की हे अक्षर ज्या भावगटाचे, म्हणजे भाड्याच्या गटाचे आहे, त्या गटातल्या तिकिटावर व्हाउचर चालत नाही. तिकीट बदलायचे तर त्याला लागणारे शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून जवळजवळ नवे तिकीट येत होते. पुढच्या फेब्रुवारीत व्हाउचरची मुदत संपली. आई इकॉनॉमीतून गेली आणि इकॉनॉमीतूनच परत आली, आणि दिल्लीच्या लग्नात दोन दिवस ती खुर्चीवरून फारशी उठली नाही.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात चोवीस वर्षे काम करते. अटी वाचणे, रकाने ताडून पाहणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे ही चूक मला फार लागली. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचे ठरवले, कारण मॉलमधल्या टेबलावर कार्डाचा अर्ज भरताना जे आपल्याला सांगितले जाते ते सगळे खरे असले, तरी त्याचा क्रम उलटा असतो. आधी कार्ड, मग खर्च, मग व्हाउचर आणि शेवटी प्रवास, असे तिथे ऐकवले जाते. प्रत्यक्षात आधी माणूस ठरवावा लागतो, मग प्रवासाची कोणती बाजू, जातानाची की येतानाची, हे ठरवावे लागते, मग तिकिटाचा भावगट, आणि कार्डाचा विचार त्यानंतर येतो.

ते व्हाउचर फुकट मिळालेले नव्हते, हेही मला हिशेबाला बसल्यावरच कळले. वर्षभरात तीन लाख रुपयांचा खर्च कार्डावर झाला तर एक व्हाउचर, अशी अट होती. फेब्रुवारीअखेर आमचा आकडा २ लाख ६२ हजारांवर होता. उरलेली रक्कम भरून काढण्यासाठी आम्ही पुढच्या दिवाळीला घ्यायचा ठरलेला फ्रिज मार्चमध्येच घेतला, आणि त्या महिन्यात मुलाच्या क्लासची फीसुद्धा आल्यामुळे बिल पूर्ण भरता आले नाही. एकदा बिल अपुरे भरले की उरलेल्या रकमेवर तर व्याज लागतेच, शिवाय नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते आणि प्रत्येक नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याज खाऊ लागते. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांचे व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर असते, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. आम्हांला दोन हजारांच्या आसपास भुर्दंड पडला. वार्षिक शुल्क आणि त्यावरचा जीएसटी त्यात मिळवला, तर त्या दिवशी दिल्लीच्या विमानात काउंटरवर पैसे भरून वरचा वर्ग घेणे आम्हांला जवळपास तेवढ्यालाच पडले असते.

यानंतर गोखले रोडवर गेली तीस-पस्तीस वर्षे तिकिटांचा व्यवसाय करणाऱ्या एका काकांकडे मी तिकीट घेऊन गेले. त्यांनी जे समजावून सांगितले, त्याइतके सोपे स्पष्टीकरण मला नंतर कुठेही वाचायला मिळाले नाही. ते म्हणाले, "मॅडम, विमानात वर्ग दोनच असतात, पण भाव पंचवीस असतात." शेजारीशेजारी बसलेल्या, तोच नाश्ता खाणाऱ्या दोन प्रवाशांची तिकिटे वेगवेगळ्या भावगटांतली असतात आणि प्रत्येक गटाला एक अक्षर असते. सर्वांत स्वस्त गटांतल्या तिकिटांना परतावा नसतो, तारीख बदलायला दंड असतो, आणि बहुतेक कंपन्यांत ती तिकिटे वरच्या वर्गात चढवताच येत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचे उदाहरण घ्यायचे तर त्यांच्या इकॉनॉमीतले सर्वांत स्वस्त 'लाइट' तिकीट माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या खात्यात जमणारे पॉइंट्स, देऊन अपग्रेड होत नाही, त्यासाठी त्याच्या वरच्या भावाचे तिकीट काढावे लागते. म्हणजे तिकीट काढतानाच चार-सहा हजार रुपये जास्त मोजायचे की नाही, तिथे अपग्रेडचा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि स्वस्त तिकीट शोधून काढल्याच्या आनंदात आपण नेमके तेच दार बंद करतो.

काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती आणखी महत्त्वाची आहे. बिझनेस क्लासमध्ये दहा खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणजे त्या दहाही व्हाउचरवाल्यांसाठी उपलब्ध आहेत असे नसते. पैसे देऊन येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कंपनी त्या शेवटपर्यंत राखून ठेवते, आणि माइल्स किंवा व्हाउचर यांच्यासाठी निराळा, फार छोटा कोटा सोडते. तो कधी प्रवासाच्या अकरा महिने आधी दोन खुर्च्यांचा असतो, कधी आठवडाभर आधी अचानक वाढतो, तर कधी शून्यच राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीत आणि नाताळात तो मिळणे सर्वांत कठीण असते, आणि आपल्यासारख्या शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या घरांचा प्रवास नेमका त्याच दिवसांत होतो.

क्रेडिट कार्डाची बँक विमानातली खुर्ची देऊ कशी शकते, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी अॅडव्हांटेज ही योजना सुरू केली, तेव्हा हेतू एवढाच होता की वारंवार प्रवास करणाऱ्याने आपल्याच विमानाने जावे. पुढे बँका यात आल्या. आपण दुकानात कार्ड वापरले की दुकानदाराकडून बँकेला एक छोटा हिस्सा मिळतो, त्यातून बँक विमान कंपनीकडून माइल्स विकत घेते आणि आपल्याला देते. हा व्यवहार किती मोठा झाला आहे ते कोविडच्या काळात जगाला दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड या अमेरिकेतल्या विमान कंपनीने २०२० मध्ये आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि त्याच वर्षी डेल्टाने स्कायमाइल्सच्या आधारावर ९ अब्ज डॉलर उभे केले. ज्या योजनेवर सावकार इतके पैसे देतात ती योजना आपल्यावर मेहेरबानी म्हणून चालवलेली नाही, हे ध्यानात आल्यावर मी जाहिरातीतला 'मोफत' हा शब्द वाचणे सोडून दिले आणि त्याऐवजी प्रत्येक पॉइंटची मला किती पैसे किंमत पडते हे वहीत लिहायला लागले.

त्या वहीत एक पान मी बंद पडलेल्या योजनांसाठी ठेवले आहे, कारण माइल्स ही साठवून ठेवायची वस्तू नाही हे ते पान मला सांगते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झाले. त्यांची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळी कंपनी असल्यामुळे इंटरमाइल्स या नावाने पुढे चालली, आकडे खात्यात राहिले, पण ज्या विमानात चढायचे म्हणून लोकांनी ते जमवले ते विमानच उरले नव्हते. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिथे क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत गेले, त्यामुळे सभासदांचे आकडे बुडाले नाहीत. तरी एका योजनेच्या माइल्सच्या तक्त्यावर बेत आखलेल्या माणसाला तो बेत दुसऱ्या योजनेच्या तक्त्यावर नव्याने आखावा लागतो, आणि पंचाहत्तरीच्या आईचा प्रवास त्यासाठी थांबून राहत नाही.

देशांतर्गत प्रवासासाठी अपग्रेडची आशा फार धरू नये असे माझे मत झाले आहे. अपग्रेड व्हायला विमानात वरचा वर्ग असावा लागतो. अकासाच्या विमानांत तो नाही. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबईसारख्या निवडक मार्गांवर 'स्ट्रेच' नावाचा बिझनेस वर्ग सुरू केला असला, तरी तिच्या बहुसंख्य विमानांत अजून एकच वर्ग आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले, तेव्हा आमच्या सोसायटीत पुष्कळांनी आता ऐरोलीच्या पुलावरून आपले विमान, असे म्हणत नव्या कार्डांची चौकशी सुरू केली. त्यांना मी इतकेच सांगितले की आपण ज्या गावाला जाणार त्या मार्गावर कोणते विमान आहे ते आधी पाहा. दोन तासांच्या प्रवासात आधी सांगून पुढची किंवा कडेची खुर्ची घेतली तरी बरेचसे काम होते.

लांबच्या प्रवासाची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०२३ मध्ये आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, पण पाय फार वेळ एकाच अवस्थेत दुमडून ठेवू नका असे बजावले. माझी धाकटी बहीण लंडनला हॅरोमध्ये राहते, तिची मुलगी तेव्हा वर्षाची व्हायची होती, आणि आईने नातीला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिले होते. मे २०२५ मध्ये जायचे आणि ऑगस्टमध्ये परत यायचे असे जानेवारीत ठरले. मुंबई ते लंडन थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात. या वेळी मी आधी कार्डाकडे पाहिले नाही. आई, जातानाची बाजू, सोमवार ते गुरुवार यांतला कोणताही दिवस, इतक्या गोष्टी कागदावर लिहिल्या आणि मग कोणत्या कंपनीचा अपग्रेडचा कोटा त्या आठवड्यात उघडा आहे ते शोधायला लागले.

तोवर मी जुने कार्ड बंद करून टाकले होते. इथे एक उपयोगी नियम सांगून ठेवते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, कार्डावर थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे, अन्यथा उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला ५०० रुपये दिले पाहिजेत. व्हाउचर मिळाल्यावर, वार्षिक शुल्क पुन्हा लागण्याआधी, कार्ड ठेवायचे की नाही हे ठरवायला घाबरू नये. दुसरे कार्ड मी असे घेतले की ज्याचे पॉइंट्स एकाच विमान कंपनीला बांधलेले नाहीत आणि अनेक कंपन्यांच्या योजनांत वळवता येतात. दोन वर्षांच्या घरखर्चातून त्यावर ५२ हजार पॉइंट्स साठले होते. घरखर्च म्हणजे किराणा, औषधे, कपडे, मुलाची पुस्तके. पेट्रोल, घरभाडे आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुतेक कार्डे पॉइंट्स देत नाहीत किंवा फार कमी देतात, त्यामुळे दोन वर्षे हा काळ मला मुळीच जास्त वाटत नाही.

हे पॉइंट्स बिलात वजा करून घेतले असते तर दर पॉइंटला ३० पैसे, म्हणजे १५,६०० रुपये मिळाले असते. विमान कंपनीच्या योजनेत वळवले तर दोन पॉइंट्सना एक मैल या प्रमाणात २६ हजार माइल्स होत होते, आणि मुंबई-लंडनच्या एका बाजूच्या अपग्रेडला ३२ हजार लागत होते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बँकेने मर्यादित काळासाठी वळवलेल्या माइल्सवर ३० टक्के जादा देण्याची सवलत जाहीर केली, आणि २६ हजारांचे ३३,८०० होणार हे दिसताच मी ते वळवायचे ठरवले. प्रमोशन म्हणतात ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते इथे, कारण त्यासाठी एक रुपयाही नवा खर्च करावा लागत नाही. पण एकदा वळवलेले माइल्स परत पॉइंट्स होत नाहीत, म्हणून मी आधी कंपनीच्या संकेतस्थळावर तारीख पाहिली, फोन करून अपग्रेडची खुर्ची त्या दिवशी आहे याची खात्री केली, भावगटाचे अक्षर विचारून घेतले, आणि मगच बटण दाबले.

तरीही एक अडचण आली. ती मराठी घरांतल्या बायकांनी आवर्जून वाचावी अशी आहे. माझा पासपोर्ट लग्नाआधीच्या नावाने आहे, त्यात दिलेल्या नावाच्या रकान्यात माझे आणि वडिलांचे नाव आहे, आडनाव माहेरचे आहे. क्रेडिट कार्ड पॅन कार्डाप्रमाणे सासरच्या नावाने आहे आणि कार्डावर जागा पुरत नाही म्हणून मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे. विमान कंपनीतले खाते मी पासपोर्टवरून उघडले होते. बँकेच्या आणि विमान कंपनीच्या खात्यावरचे नाव जुळत नाही, म्हणून विनंती तीन दिवसांनी परत आली. विवाह नोंदणीचा दाखला जोडून विमान कंपनीच्या खात्यातले नाव दुरुस्त करून घ्यायला आठ दिवस गेले. सवलतीची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना विनंती दुसऱ्यांदा पाठवली आणि सहाव्या दिवशी माइल्स खात्यात आले. विनंतीची तारीख धरतात, जमा होण्याची नाही, हे अटींत लिहिलेले होते म्हणून जादा माइल्स मिळाले. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी माइल्सची गरज लागण्याच्या कितीतरी आधी, शांतपणे, पासपोर्ट, पॅन, कार्ड आणि विमान कंपनीचे खाते हे चार कागद शेजारीशेजारी ठेवून नावातले प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. आईचे नाव मी त्याच वेळी माझ्या खात्यात नातेवाईक म्हणून नोंदवले, कारण काही योजनांत माइल्स खातेदाराच्या स्वतःच्या प्रवासाला किंवा आधी नोंदवलेल्या मोजक्या माणसांनाच वापरता येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत अशी पाच माणसे नोंदवता येतात.

त्या सोळा-सतरा दिवसांत खुर्ची निघून गेली होती. प्रतिनिधीने आईचे नाव प्रतीक्षा यादीत घातले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, आम्ही डबे भरत असताना संदेश आला की अपग्रेड निश्चित झाले आहे. आई शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिने विचारले, "अगं, पण याचे पैसे किती पडले ते खरे सांग." तिने छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे आणि तिला गोल उत्तर चालत नाही, म्हणून मी वही आणून तिला हिशेब दाखवला. वरच्या भावगटाचे तिकीट काढल्यामुळे ६,८०० रुपये जास्त गेले. अपग्रेडवर कर आणि इतर आकार म्हणून ४,१०० भरले. पॉइंट्स बिलात वजा करून घेतले असते तर मिळाले असते ते १५,६०० सोडून दिले, तोही खर्चच धरला पाहिजे. एकूण २६,५०० रुपये. विमान कंपनी त्याच दिवसासाठी रोख अपग्रेड ६१ हजारांना देत होती. "म्हणजे साडेसव्वीस हजार माझ्या पायासाठी," आई म्हणाली आणि पुढे तिने काही विचारले नाही.

परतीच्या प्रवासाला अपग्रेड करायचे की नाही, यावर बहिणीचे आणि माझे बरेच बोलणे झाले. इथे एक गोष्ट अशी आहे की जी कार्डाच्या कोणत्याही जाहिरातीत येत नाही. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर तिथले सरकार प्रवासी कर आकारते आणि तो अंतरावर व वर्गावर ठरतो. भारत ज्या अंतरगटात येतो त्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून सर्वांत खालच्या वर्गाला ९० पौंड आणि त्यावरच्या कोणत्याही वर्गाला २१६ पौंड असा दर होता. म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी असो की बिझनेस, कर तोच. माइल्सने अपग्रेड केले तरी हा १२६ पौंडांचा फरक भरावाच लागतो, आणि तेव्हाच्या दराने तो साडेचौदा हजार रुपयांच्या आसपास जात होता. मुंबईहून निघताना असा मोठा स्वतंत्र कर नाही. फक्त इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के आणि वरच्या वर्गाच्या तिकिटावर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. शिवाय पुन्हा ३२ हजार माइल्स लागले असते आणि माझ्याकडे १,८०० उरले होते. ते विकत घेण्याचा पर्याय कंपनी दाखवत होती, पण विकत घेतलेल्या माइल्सचे अपग्रेड जवळजवळ रोख अपग्रेडच्या भावाला पोचत होते. "ताई, येताना मी तिला पुढची कडेची खुर्ची घेऊन देते," असे बहीण म्हणाली आणि आम्ही परतीची बाजू इकॉनॉमीतच ठेवली.

विमानतळावर वृद्धांना मदत मिळण्यासाठी बिझनेस क्लासचे तिकीट लागते असा समज मी कितीतरी घरांत ऐकला आहे. तो खरा नाही. व्हीलचेअर हवी असल्याचे किमान ४८ तास आधी कळवले की इकॉनॉमीच्या प्रवाशालाही ती मिळते, आणि आईला दोन्ही वेळा मिळाली. मात्र आपत्कालीन दरवाजाजवळची, पाय पसरता येणारी रांग अशा प्रवाशाला देत नाहीत, कारण तिथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दरवाजा उघडता आला पाहिजे. ती रांग पैसे भरून आईसाठी घेण्याचा माझा एक बेत होता, तो त्यामुळे बारगळला.

मेच्या त्या बुधवारी आम्ही सकाळी आठलाच निघालो. नितीन कंपनीच्या सिग्नलपासून विक्रोळीपर्यंत रस्ता मोकळा मिळाला, पवईला नेहमीची कोंडी लागली, तरी साडेनऊच्या सुमारास सहारच्या टर्मिनल दोनवर पोचलो. काउंटरवर मी आईचा बोर्डिंग पास हातात घेऊन आधी वर्ग वाचला आणि मग अक्षर वाचले. त्या विमानात मधला प्रीमियम वर्ग नव्हता, इकॉनॉमीतून थेट बिझनेस होता, म्हणूनच एका टप्प्याच्या अपग्रेडमध्ये सपाट होणारी खुर्ची मिळाली. मधला वर्ग असता तर एका वेळी एकच पायरी चढता येते या नियमाने ती मधल्या वर्गात गेली असती आणि तिचा पाय पूर्ण सरळ झाला नसता. विमान कोणत्या जातीचे आहे हे मी तिकीट काढण्याआधी पाहिले होते, आणि या सगळ्या खटाटोपात मला स्वतःला सर्वांत समाधान याच तपासणीचे वाटते.

ऑगस्टमध्ये ती परत आली तेव्हा मी तिला घ्यायला गेले. ती थकलेली होती, पण चालत बाहेर आली, व्हीलचेअर तिने सामान मिळाल्यावर परत पाठवली होती. गाडीत मी पहिला प्रश्न गुडघ्याचा विचारला. ती म्हणाली की जाताना पाय मुळीच आखडला नाही. येताना पुढची खुर्ची असूनही आखडला, मग दर तासाने उठून ती विमानाच्या मागच्या टोकापर्यंत चालून आली. पवई मागे पडल्यावर ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू केलेस ते छानच केलेस, पण पुढच्या वेळी उलट कर. जाताना दुपारचे विमान असते, मी तशीही जागीच होते, खिडकीतून बघत होते. येताना रात्र असते गं. आडवे व्हावेसे वाटते ते तेव्हा."

घरी आल्यावर मी वही काढली आणि परतीच्या बाजूपुढे १२६ पौंड हा आकडा पुन्हा एकदा, या वेळी खर्चाच्या रकान्यात, लिहून ठेवला.